कल्पनेतल्या भाषांचा वंशवृक्ष कसा मांडतात

कादंबऱ्या, मालिका, चित्रपट आणि गेम यांच्यासाठी रचलेल्या भाषांवर चर्चा निघाली की एक वाक्य हमखास ऐकू येतं: "ही भाषा त्या भाषेची बहीण, दोघी एकाच प्राचीन भाषेतून निघालेल्या." ऐकणारा गोंधळतो. जी भाषा एका माणसाने टेबलाशी बसून रचली, तिला दोन हजार वर्षांचा इतिहास कुठून आला? आणि सगळंच मनाने ठरवायचं असेल, तर कोण कोणाची बहीण हेही मनानेच ठरवलं की झालं. त्यात शास्त्र कसलं?

शास्त्र आहे, आणि ते खऱ्या भाषांच्या अभ्यासातूनच आलेलं आहे. कल्पित भाषाकुल रचणारा माणूस शब्द बनवत बसत नाही. तो एक जुनी भाषा बनवतो, तिच्यावर शतकं घडवतो, आणि शब्द त्यातून आपोआप बाहेर पडतात. हे नुसतं सांगून पटत नाही, म्हणून इथे मूठभर शब्दांचं एक छोटं कुळ रचून दाखवलं आहे. कागद-पेन्सिल घेऊन वाचलंत तर जास्त मजा येईल.

## भाषाकुल म्हणजे काय

एका भाषेचे लोक वेगवेगळ्या ठिकाणी पांगले, त्यांचं येणंजाणं थांबलं, की प्रत्येक ठिकाणी बोलणं आपापल्या दिशेने बदलत जातं. काही शतकांनी ते एकमेकांना कळेनासं होतं. अशा एका मुळातून निघालेल्या भाषांच्या समूहाला भाषाकुल म्हणतात आणि त्या मुळाला आदिभाषा.

खऱ्या जगात आदिभाषा बहुतेक वेळा हरवलेली असते. विल्यम जोन्स यांनी १७८६ साली कलकत्त्यात संस्कृत, ग्रीक आणि लॅटिन यांच्यातलं साम्य मांडलं, तेव्हाच त्यांनी म्हटलं होतं की या तिघींचं मूळ कदाचित आता अस्तित्वातच नसेल. अभ्यासक मुलींकडे बघून आईचा चेहरा काढतात. कल्पित कुळात हीच वाट उलट चालायची असते. आई हातात असते, मुली घडवायच्या असतात.

## अक्षरं मनाला येईल तशी का बदलत नाहीत

सगळ्या कामाचा पाया एकाच गोष्टीवर आहे. भाषेतला ध्वनी बदलतो तेव्हा तो एखाद्या शब्दापुरता बदलत नाही; तशा परिस्थितीत असलेल्या सगळ्या शब्दांत बदलतो. लाइपझिगच्या तरुण अभ्यासकांनी १८७८ मध्ये हे तत्त्व ठणकावून मांडलं: ध्वनिबदलाच्या नियमाला अपवाद नसतात, अपवाद दिसला तर त्याचं वेगळं कारण शोधा.

मराठीत याचा पुरावा तोंडातच आहे. हस्तचा प्राकृतात हत्थ झाला आणि मराठीत हात. सप्तचा सत्त, मग सात. कर्णचा कण्ण, मग कान. कर्मचा कम्म, मग काम. चारही शब्दांत एकच चाल आहे: आधी जोडाक्षरातले दोन वेगळे ध्वनी एकसारखे झाले, मग जोड सुटली, आणि सुटताना आधीचा स्वर लांबला. ही सूत्रबद्ध चाल शब्दागणिक कोणी ठरवली नाही.

परिस्थिती कशी काम करते तेही घरच्या घरी पाहता येतं. 'माझा' आणि 'माझी' मोठ्याने म्हणा. पहिल्यातला झ दातांशी लागतो. दुसऱ्यात पुढे ई आहे म्हणून जीभ टाळूकडे सरकते. अक्षर एक, ध्वनी दोन, आणि कोणता कधी येणार हे शेजारचा स्वर ठरवतो.

## पाच शब्दांचं कुळ

आता आपली आदिभाषा. तिच्यात नाम एकवचनात उ-ने संपतं आणि अनेकवचनात इ-ने. याहून साधा नियम नाही.

थाकु, थाकि: दगड
नापु, नापि: झाड
लुतु, लुति: पक्षी
सिकु, सिकि: साप
लिंतु, लिंति: डोळा

हे लोक तीन ठिकाणी पांगले. काही डोंगरात गेले, काही नदीकाठी राहिले, काही बेटावर उतरले. त्यांच्या बोलींना आपण डोंगरबोली, नदीबोली आणि बेटबोली म्हणू.

बेटावरचे लोक सर्वांत आधी वेगळे झाले. मागे राहिलेल्यांच्या बोलण्यात एक बदल शिरला: दोन स्वरांच्या मध्ये, किंवा अनुस्वार आणि स्वर यांच्या मध्ये, सापडलेले प, त, क हे ब, द, ग झाले. खऱ्या भाषांत हे वारंवार घडतं. लॅटिनमधला मित्र 'आमिकुस' स्पॅनिशमध्ये 'आमिगो' झाला तो असाच. आपल्याकडे थाकुचा थागु झाला, नापुचा नाबु, लिंतुचा लिंदु.

मग डोंगरातले आणि नदीकाठचेही दुरावले. डोंगरबोलीत पुढे तीन बदल झाले, याच क्रमाने:

पहिला, इ-च्या आधीचा ग हा ज झाला.
दुसरा, पुढच्या अक्षरात इ असेल तर आधीच्या आ-चा ए झाला. बोलणारा इ-ची तयारी आधीपासूनच करू लागतो, म्हणून.
तिसरा, शब्दाच्या टोकाचा स्वर गळाला.

एक शब्द शेवटपर्यंत चालवून पाहू. एकवचन: थाकु → थागु → थाग. अनेकवचन: थाकि → थागि → थाजि → थेजि → थेज. म्हणजे डोंगरात एक दगड 'थाग', पुष्कळ दगड 'थेज'. झाडाचं होतं नाब, नेब. सापाचं सिग, सिज. पक्ष्याचं लुद आणि अनेकवचनही लुदच. डोळ्याचंही तसंच, लिंद आणि लिंद.

आता ही डोंगरबोली नव्याने शिकणाऱ्या माणसाची कल्पना करा. अनेकवचन करायच्या चार तऱ्हा त्याला पाठ कराव्या लागतील: कुठे स्वर आणि व्यंजन दोन्ही बदलतात, कुठे फक्त स्वर, कुठे फक्त व्यंजन, कुठे काहीच नाही. त्याला वाटेल भाषा किती अनियमित आहे. प्रत्यक्षात आदिभाषेत एकच प्रत्यय होता आणि त्यावर चार नियम एकानेही कुचराई न करता चालले. इंग्रजीतल्या फूट-फीट या जोडीचा स्वरही असाच, गळून गेलेल्या इ-मुळे बदललेला आहे. कल्पित भाषा खरी वाटते ती अशा वाकड्यातिकड्या जागांमुळे, आणि त्या जागा कमवाव्या लागतात. वरून शिंपडलेली अनियमितता लगेच उघडी पडते, कारण तिच्यामागे कोणताच नियम सापडत नाही.

नदीबोली वेगळ्या वाटेने गेली. तिथे स्वरांमधला ब हा व झाला, द आणि ग पार गळाले, पण टोकाचे स्वर टिकले. दगड: थागु → थाउ, अनेकवचन थाइ. झाड: नावु, नावि. पक्षी: लुदु → लुउ → लू, अनेकवचन लुइ. साप: सिउ, सी. डोळ्यात मात्र अनुस्वाराच्या आडोशाने द वाचला: लिंदु, लिंदि. असं गळणं महाराष्ट्री प्राकृताने भरपूर केलेलं आहे. कुंभकारचा कुंभार आणि दीपचा दिवा होताना क गळाला आणि प-चा व झाला तो याच जातीच्या बदलाने.

बेटबोली संथ राहिली. तिच्यात स-चा ह झाला आणि टोकाचा फक्त उ गळाला. थाक, थाकि. नाप, नापि. लुत, लुति. हिक, हिकि. लिंत, लिंति.

## क्रम चुकला तर काय होतं

नवशिक्यांची सगळ्यात मोठी चूक इथे होते. नियमांची यादी करतात, पण कोणता आधी आणि कोणता नंतर हे लिहून ठेवत नाहीत.

डोंगरबोलीत टोकाचा स्वर आधी गळाला असता तर? थागु आणि थागि दोन्ही 'थाग' झाले असते. ज व्हायला इ हवी, ए व्हायलाही इ हवी. ती गेल्यावर दोन्ही नियमांना काही कामच उरलं नसतं. सगळ्या नामांचं एकवचन-अनेकवचन सारखं झालं असतं आणि लोकांना अनेकवचन दाखवायला 'पुष्कळ'सारखा एखादा शब्द जोडावा लागला असता. एक पाऊल आणखी मागे जाऊ. स्वर गळणं प, त, क मऊ होण्याच्याही, म्हणजे त्यांचे ब, द, ग होण्याच्याही आधी घडलं असतं, तर क दोन स्वरांमध्ये उरलाच नसता आणि शब्द 'थाक' राहिला असता. तेच नियम, तीच आई, पण क्रमागणिक तीन निरनिराळ्या भाषा.

म्हणून कामाची पद्धत ठरलेली असावी. एका वहीत आदिभाषेचा कोश ठेवायचा. दुसऱ्या वहीत प्रत्येक बोलीचे नियम, क्रमांक आणि अंदाजे काळ घालून. नवा शब्द लागला की तो थेट बोलीत बनवायचा नाही. आधी आदिभाषेत बनवायचा आणि सगळे नियम त्याच्यावरून क्रमाने फिरवायचे. मधलं एकही पाऊल वगळायचं नाही. सगळी रूपं लिहून ठेवायची, कारण महिन्याभराने चूक सापडते ती याच मधल्या रूपांत.

## बहिणी कोण, हे दिसण्यावरून का ठरत नाही

वर्गीकरणाचा खरा प्रश्न हा आहे. तिन्ही बोलींचे शब्द शेजारी मांडा:

दगड: थाग, थाउ, थाक
झाड: नाब, नावु, नाप
पक्षी: लुद, लू, लुत

कोणीही म्हणेल की डोंगरबोली आणि बेटबोली सख्ख्या बहिणी आणि नदीबोली लांबची. थाग आणि थाक किती जवळ! पण इतिहास आपणच लिहिला आहे, आणि तो सांगतो की हे चूक आहे. डोंगर आणि नदी बराच काळ एकत्र होते. बेट आधीच सुटलं होतं.

इतिहास माहीत नसता तर हे कसं ओळखलं असतं? दोन उत्तरपत्रिका तपासणारा परीक्षक आठवा. दोघांचं एक उत्तर बरोबर आलं, यावरून त्यांनी एकमेकांचं पाहिलं असं सिद्ध होत नाही. दोघांनी तेच विचित्र चुकीचं उत्तर लिहिलं असेल, तर संशय पक्का होतो. भाषांतही जुनं जे तसंच टिकलं ते नात्याचा पुरावा नसतं. ते आईकडूनच आलेलं असतं आणि कोणाकडेही टिकू शकतं. दोघींनी मिळून केलेला नवा बदल मात्र पुरावा असतो. ऑगस्ट लेस्किन यांनी १८७६ मध्ये हा निकष स्पष्ट केला आणि आजही वर्गीकरण त्यावरच उभं आहे.

आपल्या कुळात तो समाईक बदल म्हणजे प, त, क मऊ होणं. डोंगरबोलीत तो उघड दिसतो. नदीबोलीत मात्र ब-चा व झाला, द आणि ग गळाले. मग तिथेही आधी मऊपणा आला होता हे कशावरून? डोळ्यावरून. 'लिंदु'मध्ये अनुस्वाराच्या आड द सुरक्षित राहिला आहे, आणि डोंगरबोलीच्या 'लिंद'मध्येही तोच द आहे. बेटावर 'लिंत'. एका शब्दाने नातं उघड केलं. रचनाकाराने असे साक्षीदार शब्द मुद्दाम जपावेत. ते नसतील तर त्याचा वंशवृक्ष खुद्द त्याच्याच शब्दांतून सिद्ध करता येत नाही.

यावर आक्षेप येतो: टोकाचा उ गळणं हाही डोंगर आणि बेट यांचा समाईक बदलच ना? नाही, आणि कारण पाहण्यासारखं आहे. बेटावर फक्त उ गळाला, इ राहिली. डोंगरात दोन्ही गळाले. शिवाय डोंगरात हे गळणं ज आणि ए यांच्या नंतरचं असलंच पाहिजे, नाहीतर थेज हे रूप तयारच झालं नसतं. म्हणजे व्याप्तीही वेगळी आणि काळही वेगळा. शब्दाचं टोक झिजणं जगभर इतकं सर्रास घडतं की दोन ठिकाणी ते स्वतंत्रपणे झालं यात नवल नाही. नात्याचा पुरावा म्हणून व्याप्ती आणि क्रम दोन्ही जुळणारा बदल निवडायचा, आणि तो जितका विरळा तितका बरा.

## नियमाबाहेरचे शब्द कुठून येतात

नियमाला अपवाद नसतील, तर कल्पित भाषा फारच घोटीव होईल की! होत नाही, कारण अपवाद दुसऱ्या दारांनी येतात.

पहिलं दार उसनवारीचं. नदीकाठच्या लोकांनी बेटावरच्या नावाड्यांकडून जहाज घेतलं आणि त्याचा शब्दही, 'राप'. नदीबोलीत नामं स्वरांत संपतात, म्हणून तो 'रापु' झाला. जुना शब्द असता तर 'रावु' व्हायला हवा होता. त्यातला ताठ प सांगतो की हा पाहुणा बदल होऊन गेल्यावर आला. मराठी वाचकाला हे नवं नाही: हात आणि हस्त, काम आणि कर्म, आग आणि अग्नी या जोड्यांतला एकेक शब्द पिढ्यानपिढ्या झिजत आला आहे आणि दुसरा संस्कृतातून पुन्हा उचललेला आहे. तद्भव आणि तत्सम म्हणतात ते हेच. कल्पित कुळातही धर्म, कायदा, व्यापार यांचे शब्द असे दुसऱ्यांदा आलेले दाखवले की भाषेला लगेच वय येतं.

दुसरं दार सादृश्याचं, म्हणजे एका नमुन्यावरून दुसरं रूप घडवणं. डोंगरातली मुलं नाब-नेब शिकली. त्याच चालीवर ती थेजऐवजी 'थेग' म्हणू लागतील. दोन पिढ्यांत थेज फक्त जुन्या गाण्यांत उरेल. इंग्रजीत 'बुक' या शब्दाचं अनेकवचनही एके काळी फूट-फीटसारखा स्वर बदलून होत असे. ते बाकीच्या शब्दांच्या ओढीने सरळ झालं. जे शब्द रोज शंभर वेळा तोंडात येतात ते जुनं रूप धरून ठेवतात, क्वचित येणारे आधी सरळ होतात. त्यामुळे थेग करायचं की नाही हे ठरवण्याआधी विचारा: या लोकांच्या आयुष्यात दगड किती वेळा येतो?

## झाडाच्या फांद्या एकमेकींना भेटत नाहीत, माणसं भेटतात

भाषांचा वंशवृक्ष काढण्याची रीत ऑगस्ट श्लायखर यांनी एकोणिसाव्या शतकाच्या मध्यावर रुजवली. त्यांचे शिष्य योहानेस श्मिट यांनी १८७२ मध्ये त्यातली उणीव दाखवली. फांदी एकदा फुटली की दुसरीला भेटत नाही. बोलणारे मात्र बाजारात आणि लग्नांत भेटतच राहतात. बदल पाण्यातल्या लाटेसारखे पसरतात आणि फांद्यांची सीमा पाळत नाहीत.

आपल्या कुळात नदीच्या मुखाकडच्या गावांचा संबंध बेटाशी रोजचा असेल, तर तिथे बेटावरचा ह शिरेल आणि सिउचा 'हिउ' होईल. वरच्या गावांत सिउच राहील. मुखाकडची बोली जन्माने डोंगराजवळची, सवयीने बेटाजवळची. चांगलं वर्गीकरण दोन्ही दाखवतं: रेषांनी जन्म, आणि नकाशावर वेढे काढून शेजार. फक्त झाड काढून थांबणारे लोक भूगोल विसरतात आणि मग शेजारी राहणाऱ्या दोन बोलींनी एकमेकींकडून एकही शब्द घेतलेला नाही, असं अशक्य चित्र तयार होतं.

## किती वर्षांत किती बदल दाखवायचा

मॉरिस स्वॉडेश यांनी विसाव्या शतकाच्या मध्यावर शंभर मूलभूत शब्दांची यादी केली: शरीराचे अवयव, पाणी, अग्नी, मी, तू, दोन, मोठा, असे. अशा यादीतले सुमारे ८६ टक्के शब्द हजार वर्षांनी टिकतात, असा त्यांचा अंदाज होता. दोन बहिणी वेगवेगळ्या झिजतात, म्हणून हजार वर्षांनी दोघींत समाईक राहतील सुमारे ७४ शब्द, दोन हजार वर्षांनी ५५ आणि तीन हजार वर्षांनी ४०.

खऱ्या भाषांचं वय काढायला ही पद्धत भरवशाची नाही. भाषा घड्याळासारख्या एका वेगाने बदलत नाहीत. १९६२ मध्ये आइसलँडिकसारखी उदाहरणं देऊन हे दाखवलं गेलं, कारण त्या भाषेने हजार वर्षांत अपेक्षेपेक्षा फारच कमी शब्द टाकले. कल्पित कुळ रचताना मात्र हा आकडा धाकासाठी बरा. दोन हजार वर्षं दूर असलेल्या बोलींत ९५ शब्द जुळत असतील तर कुठेतरी आळस झाला आहे.

## ध्वनी बदलले की भाषा बदलली का

नाही. फक्त ध्वनी बदलणाऱ्या कुळात प्रत्येक शब्दाचा अर्थ तीनही बोलींत तोच राहतो, आणि हे खोटं वाटतं. मृग हा शब्द वेदांत कोणत्याही रानटी जनावरासाठी येतो, नंतर तो हरणापुरता उरला. म्हणून सिंह मृगेंद्र आणि शिकार म्हणजे मृगया. त्याचाच इराणी भाऊ फारसीत 'मुर्ग' झाला, म्हणजे पक्षी. आपल्या बेटावर 'लुत' हा शब्द पक्ष्याऐवजी फक्त समुद्रपक्ष्यासाठी उरावा, आणि इतर पक्ष्यांसाठी नवा शब्द यावा, हे सहज शक्य आहे.

व्याकरणही झिजतं आणि नवं उगवतं. 'जातो आहे'चं 'जातोय' झालं ते आपल्या कानांदेखत. एक पूर्ण क्रियापद दुसऱ्याचं शेपूट बनलं. हजार वर्षांनी कोणी मराठी शिकायला बसला तर 'य' हा चालू काळाचा प्रत्यय म्हणून पाठ करेल. कल्पित भाषेत प्रत्यय हवा असेल तर तो याच रीतीने, अख्ख्या शब्दापासून झिजवून काढावा.

## कोणी खरंच असं केलं आहे का

सर्वांत मोठं उदाहरण 'लॉर्ड ऑफ द रिंग्ज' लिहिणारे जे. आर. आर. टॉल्किन यांचं. ऑक्सफर्डमध्ये जुन्या इंग्रजीचे प्राध्यापक असलेल्या या माणसाने आयुष्यभर एक भाषाकुल घडवलं. त्यातली क्वेन्या फिनिशच्या वळणाची, सिंदारिन वेल्शच्या वळणाची. कानाला दोघी परक्या, पण दोन्ही एकाच आदिभाषेतून नियमाने उतरवलेल्या. क्वेन्यात चंद्र 'इसिल', सिंदारिनमध्ये 'इथिल'. सूर्य 'अनार' आणि 'अनोर'. सिंदारिनमध्ये टेकडी 'अमोन' आणि टेकड्या 'एमिन', म्हणजे आपल्या थाग-थेजसारखाच मामला.

वर्गीकरणाच्या दृष्टीने त्यांनी केलेली एक गोष्ट विलक्षण आहे. वेल्शच्या वळणाची ही भाषा आधी नोल्डोरिन नावाने, त्यांच्या कथांतल्या एल्फ लोकांच्या वेगळ्याच शाखेची म्हणून कित्येक वर्षं तयार होत होती. १९५० च्या सुमारास त्यांनी ती दुसऱ्या शाखेला दिली आणि तिचं नाव सिंदारिन झालं. भाषा बरीचशी तीच राहिली, तिची वंशावळ बदलली. आणि वंशावळ बदलल्यावर कोणता बदल कोणाबरोबर वाटून घेतला हेही पुन्हा जुळवावं लागलं.

कथेसाठी नव्हे तर खऱ्या माणसांच्या वापरासाठी रचलेल्या भाषांची वर्गवारी निराळी. तिथे प्रश्न जन्माचा नसून सामानाचा असतो: शब्द शून्यातून बनवले की अस्तित्वात असलेल्या भाषांतून घेतले, की दोन्हींचं मिश्रण केलं. लुई कुतुरा आणि लेओपोल्द लो यांनी १९०३ मध्ये ही विभागणी मांडली. वेगवेगळ्या देशांतल्या लोकांना एकमेकांशी बोलता यावं म्हणून १८८७ मध्ये निघालेली एस्पेरांतो घेतलेल्या सामानाची. तिच्यात सुधारणा करून १९०७ मध्ये इडो निघाली. म्हणजे रचलेल्या भाषेलाही खरीखुरी मुलगी झाली, पण ती समितीच्या निर्णयाने, शतकांच्या झिजेने नव्हे. या दोघींना एक कुळ म्हणायचं तर हा फरक सांगूनच म्हणावं.

## कोणत्याच मुलीने न जपलेला ध्वनी

शेवटचा आक्षेप जाणकारांचा असतो: आईत असलेलं सगळं कोणत्या ना कोणत्या मुलीत दिसणारच, मग शोधण्यासारखं काय उरलं? आपल्या कुळात आणखी दोन शब्द घालू. वाटेसाठी डोंगरबोलीत 'दित', नदीबोलीत 'दितु', बेटावर 'दित'. राखेसाठी 'मुप', 'मुपु', 'मुप'.

बेटाचं काही नवल नाही. तिथे त आणि प ताठच राहतात. पण डोंगरात 'दिद' आणि 'मुब' हवं होतं, नदीकाठी 'दिउ' आणि 'मुवु'. उसने शब्द म्हणावेत, तर वाट आणि राख यांच्यासाठी कोणी परक्याकडे जात नाही, आणि दोन्ही बोलींत नेमके तेच शब्द कसे अडतील? सादृश्य म्हणावं, तर नमुना दिसत नाही. उरते एकच शक्यता. मऊ होण्याचा नियम स्वरांमधल्या व्यंजनाला लागतो. इथे तो लागला नाही, म्हणजे तेव्हा ते व्यंजन स्वराला थेट लागून नव्हतं. मध्ये काहीतरी होतं. आदिभाषेत 'दिह्तु' आणि 'मुह्पु' होते. त्या ह्-ने व्यंजनाला आडोसा दिला, नियम होऊन गेला, आणि मग तिन्ही बोलींत ह् नाहीसा झाला.

फर्दिनां द सोस्यूर यांनी १८७९ मध्ये, एकविसाव्या वर्षी, इंडो-युरोपीय आदिभाषेबद्दल, म्हणजे संस्कृत, ग्रीक, लॅटिन यांच्या आईबद्दल, याच जातीचा तर्क केला. स्वरांचे नियम कुठे अडतात ते पाहून त्यांनी सांगितलं की त्या भाषेत असे काही ध्वनी असले पाहिजेत जे माहीत असलेल्या एकाही मुलीत उरलेले नाहीत. याच आईची एक मुलगी हित्ती, आजच्या तुर्कस्तानात बोलली जाणारी प्राचीन भाषा, तेव्हा कोणाला वाचताही येत नव्हती. तिच्या मातीच्या पाट्यांचा उलगडा १९१५ मध्ये झाला. १९२७ मध्ये येझी कुरिलोविच यांनी दाखवून दिलं की हित्तीतला घशातला ह सोस्यूर यांनी सांगितलेल्या जागांवर सापडतो.